वांग्याच्या पानावरची टिकली

आमच्या शाळेचे ड्रॉइंगमास्तर पंगतीत बसले की वाढपी थबकायचे. पत्रावळ समोर आली की मास्तर आधी ती उलटी करायचे, डोळ्यांजवळ नेऊन खालची बाजू न्याहाळायचे, मग सुलटी मांडून पाणी फिरवायचे आणि म्हणायचे, ‘हं, वाढा आता.’ पळसाच्या त्या वाळक्या पानांवर त्यांना काय सापडणार होतं, देव जाणे. पण सवय ती सवय. विड्याचं पान असो, मेथीची जुडी असो, हातात आलेलं पान उलटून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी खाली ठेवलं नाही. गावातल्या कुणीतरी त्यांना ‘पानपालटे’ म्हटलं आणि ते नाव स्टाफरूममध्ये मी रुजवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यापुढं हे काहीच नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. बी.एस्सी. होऊन मिरजगावच्या पलीकडच्या एका गावी हायस्कूलवर विज्ञान शिकवायला लागलो होतो. सबंध शाळेत बी.एस्सी. मी एकटा, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. मास्तर पन्नाशी ओलांडलेले, व्हर्नाक्युलर फायनल आणि त्यावर ड्रॉइंगच्या परीक्षा एवढंच शिक्षण. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला ‘सर’ म्हणायचा आणि मी त्यांना ‘मास्तर’. मी एकदा वरवर म्हणून पाहिलं की मला सर कशाला म्हणता. तर ते गंभीर होऊन म्हणाले की तुम्ही शास्त्र शिकलाय, आम्ही नुसतं बघतो. मला ते फार आवडलं. लाज वाटायला हवी होती, पण मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू?

ते बघत काय होते, तर एक किडा. आमच्याकडं पोरी त्याला टिकली म्हणायच्या. मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, कासवासारखा सगळे पाय पाठीखाली झाकून पानाला चिकटून बसणारा. कडेनं काचेसारखा आरपार दिसणारा आणि मधे सोन्याचा. सोनेरी नव्हे, सोन्याचाच, सराफाकडून आत्ताच आणल्यासारखा. पोरी तो पकडून कपाळावर लावायच्या आणि तोही बराच वेळ गुमान बसून राहायचा. पण मेला की संपलं. तास-दोन तासांत सोनं उतरतं आणि हातात एक तपकिरी टरफल उरतं. त्यामुळे टाचणी टोचून डबीत ठेवायची आणि लोकांना दाखवायची सोयच नाही. जो काही पुरावा, तो चित्रात आणि वहीत.

मास्तरांच्या अशा सात वह्या होत्या, बारा वर्षांच्या. कुठल्या तारखेला, कुणाच्या बांधावर, कुठल्या वेलीवर, किती टिकल्या, किती भोकं. शेजारी चित्र. एका केसाच्या कुंचल्यानं काढल्यासारखी बारीक चित्रं होती ती. पण सोनं काही त्यांना साधलं नव्हतं. हळद लावून बघितली, पितळेची भुकटी लावली, सिगारेटच्या पाकिटातला सोनेरी कागद कातरून चिकटवला. शेवटी त्यांनी नाद सोडला. पाय, शिंगं, पानाच्या शिरा सगळं रंगवायचे आणि पाठीची तेवढी जागा कोरी ठेवायचे.

या टिकलीबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. ती चांदवेल खाते, म्हणजे ज्वारीच्या रानात पांढऱ्या-गुलाबी फुलांची जी वेल पसरते ती. रताळ्याचा वेल खाते. त्या कुळातलं आणखी काही मिळालं तर तेही खाते. दुसरं पान समोर ठेवलं तर उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. घरातल्या सोवळ्या आत्याबाईंबद्दल सांगावं अशा अभिमानानं ते हे सांगायचे. सांगायचे कुणाला, तर ज्याला गाठता येईल त्याला. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की समोर येऊन बसायचे. टिकलीची अळी आपलाच मळ वाळवून शेपटीवर कशी साठवते आणि ती छत्री अंगावर धरून कशी हिंडते, हे त्यांनी मला पिठल्याचा पहिला घास तोंडात असताना सांगितलेलं आहे.

वर्गातही तेच. पोरांना पान काढायला सांगायचे, पण किड्यानं खाल्लेलं. पुरं पान काढलं की शून्य मार्क. कुणी काय खाल्लंय, कुठून सुरुवात केलीय, शीर सोडलीय की तोडलीय, हे बघायला शिका म्हणायचे. एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले आणि साठ वह्यांत साठ कुरतडलेली पानं बघून हेडसरांना म्हणाले की तुमच्या शाळेला कीड लागलीय. स्टाफरूममध्ये हा विनोद वर्षभर पुरला. मास्तर स्वतःही हसायचे त्याला.

एका शेती कॉलेजात कीटकांचे एक मोठे प्राध्यापक होते. त्यांना मास्तर दरवर्षी पत्र धाडायचे, सोबत एक चित्र. नऊ वर्षं उत्तर नाही. आणि दुष्काळाच्या त्या साली, बहात्तर सरता सरता, अचानक एक कार्ड आलं. प्राध्यापकसाहेबांनी लिहिलं होतं की चित्रं चांगली आहेत, पण तुम्ही फक्त टिकली कुठं सापडते ते सांगता, काय खात नाही ते कुठं सिद्ध केलंय? कोंडून ठेवा, दुसऱ्या झाडांवर सोडा, उपाशी राहते का ते रोज लिहा. ते नीट जमलं तर तुमचं टिपण, चित्रांसकट, आम्ही कॉलेजच्या नियतकालिकात छापू. खाली सही. मास्तरांनी ते कार्ड मला किती वेळा वाचून दाखवलं त्याला गणती नाही. ‘माझ्या नावानिशी छापणार सर,’ असं म्हणायचे आणि चष्मा पुसायचे. बारा वर्षं ज्या माणसाला सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

शाळेमागं चार खोल्यांची एक ओळ होती. त्यात शेवटच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं शेजारी शेजारी राहत होतो. मास्तर एकटे होते आणि मीही तेव्हा एकटाच. त्यांनी आपल्या दारामागं चार कुंड्या मांडल्या. एकीत चांदवेल, एकीत रताळं, एकीत वांगं, एकीत धोत्रा. प्रत्येकीवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी, झाडं नीट धरली की आत दहा-दहा टिकल्या सोडायच्या. हिशेब सोपा होता. पहिल्या दोन कुंड्यांतल्या जगल्या पाहिजेत आणि दुसऱ्या दोन कुंड्यांतल्या, पान हिरवंगार असताना, उपाशी मेल्या पाहिजेत. पान हिरवं राहायलाच हवं. नाहीतर साहेब म्हणणार की पान वाळलं म्हणून खाल्लं नाही.

आणि पाणी कुठं होतं? विहिरींना तळ लागला होता. एक दिवस टँकर यायचा, एक दिवस यायचा नाही. माणशी एक हंडा. त्यातच पिणं, त्यातच सगळं. मास्तरांनी काय करावं, तर आंघोळ सोडली. ओल्या फडक्यानं अंग पुसायचे आणि उरलेलं पाणी वाटीवाटीनं कुंड्यांना. महिन्याभरात त्यांच्या अंगाला असा वास यायला लागला की स्टाफरूममध्ये त्यांच्या बाजूची खुर्ची रिकामी राहायची. हेडसरांनी आडून आडून साबणाचा विषय काढला. मी म्हणालो की टिकल्या आता मास्तरांवरच सोडा, नक्की मरतील. सगळे हसले. मास्तर दारातच उभे होते.

फेब्रुवारीत त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. बहीण श्रीरामपूरला, तिचं दुसरं कुणी नाही. टिकल्या नुकत्याच सोडलेल्या, पण बारा दिवस जाणं भाग होतं. ते माझ्याकडं आले ते थेट हात जोडूनच. म्हणाले की माझ्या वाटणीचा हंडा तुम्ही घ्या, तो सगळा या कुंड्यांना, आणि रोज संध्याकाळी पिशवीत डोकावून वहीत दोन ओळी लिहा. तुम्ही लिहिलेलं म्हणजे शास्त्राच्या माणसानं लिहिलेलं, साहेबही मानतील. मी म्हणालो निर्धास्त जा.

चार दिवस मी ते केलं. अगदी मनापासून केलं असं म्हणत नाही, पण केलं. धोत्र्यावरच्या टिकल्या कोपऱ्यात बसून होत्या, वांग्यावरच्याही, पानाला दात लागला नव्हता. तसं मी लिहिलं. पाचव्या दिवशी नगरहून मला बघायला पाहुणे यायचे होते. सावेडीला नवा बंगला बांधलेले गृहस्थ, त्यांची धाकटी मुलगी. मी आठवडाभर अंगाला पाणी लावलेलं नव्हतं. टेरिलीनचा शर्ट काखेत पिवळा पडलेला. समोर मास्तरांचा हंडा भरून ठेवलेला. एक दिवस पाणी नाही मिळालं म्हणून झाडं मरत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. बी.एस्सी. होतो ना! त्या हंड्यातून शर्ट धुतला, डोक्यावरून आंघोळ केली, साबण लावून, सावकाश. उरलेल्यात पाहुण्यांचा चहा झाला. मुलीचे वडील जाताना हेडसरांना म्हणाले की दुष्काळातसुद्धा पोरगा किती स्वच्छ राहतो बघा. लग्न तिथंच ठरलं. आज पन्नास वर्षं झाली त्या संसाराला आणि बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही.

आंघोळीची चटक लागली, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तर मी पुन्हा म्हटलं, उद्यापासून घालू. वहीत मात्र रोज दोन ओळी लिहीत होतो, खोलीत बसून. कुंड्यांकडं जायचं टाळत होतो. दहाव्या दिवशी गेलो. चारही कुंड्यांची माती भेगाळलेली, चारही झाडं वाळून कोळ, आणि चारही पिशव्यांत तळाला तपकिरी टरफलं. चांदवेलीवरच्याही मेलेल्या. एकाही कुंडीला काही अर्थ उरला नव्हता.

खरं बोलायला दोन दिवस हाताशी होते. मी काय केलं ते सांगतो. गावाबाहेर एका बाईची विहीर होती, तिला अजून थोडं पाणी होतं आणि चार वाफे वांगी उभी होती. तिच्याकडं गेलो आणि कुंडीत लावायला रोप मागितलं. मास्तरांचं काम आहे म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मास्तरांसाटी व्हय? मग न्या की. लई गुणाचं मानूस हाय.’ रोप मुळासकट, मातीसकट तिनंच उकरून दिलं. तिच्याच पाटाच्या कडेला चांदवेलीचा एक पुंजका होता, त्यावरच्या सात-आठ टिकल्या मी काडेपेटीत घातल्या. वेल मात्र उपटायला गेलो तर मुळापासून तुटली. म्हटलं, जाऊ द्या, एक तरी कुंडी जिवंत दिसू द्या. वाळलेलं वांगं आणि टरफलं काढून टाकून नवं रोप त्या कुंडीत खोचलं, टिकल्या वर सोडल्या, पिशवी बांधली आणि बाकीच्या तीन कुंड्यांवर तांब्याभर पाणी शिंपडून माती ओली केली. आपण काय करून ठेवलंय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पदवी होती, डोकं चालवलं नव्हतं.

मास्तर आले ते एस.टी.तून उतरून पिशवी हातात तशीच घेऊन कुंड्यांकडं. मी मागं उभा. तीन कुंड्या मेलेल्या बघून ते नुसतं ‘अरेरे’ म्हणाले. मी म्हणालो की पाणी रोज घातलं मास्तर, पण ऊनच असं होतं. त्यांनी मान हलवली. मग वांग्याची पिशवी सोडली आणि तिथंच उकिडवे बसले. आत टिकल्या जिवंत होत्या, उन्हात चमकत होत्या. बारा दिवस वांग्यावर कोंडलेल्या टिकल्या जिवंत! आणि पानांवर खाल्ल्याच्या खुणा. वाफ्यातल्या वांग्यावर असतात तशाच त्या आल्या होत्या रोपाबरोबर, मी बघितल्याही नव्हत्या.

त्यांनी भिंग काढलं. पान उलटलं. किती वेळ बघत होते कोण जाणे, माझे पाय भरून आले. मग हळूच म्हणाले, ‘सर, ही तर जाळी केलीय. आपली टिकली गोल भोकं पाडते. बारा वर्षांत मी जाळी बघितली नाही.’

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

‘तुम्ही बघितलंत? वांगं खाताना?’

एवढ्या सरळ प्रश्नाला एवढं सरळ उत्तर होतं. मी म्हणालो, ‘हो मास्तर, बघितलं ना.’

त्यांनी भिंग मिटलं. म्हणाले की मग वांग्यावर जाळी करत असेल, भुकेपोटी सवय बदलत असेल, आपल्याला काय कळतंय. स्वतःच्या डोळ्यांना समोर दिसत होतं ते त्यांनी माझ्या शब्दावर खोटं ठरवलं. त्या संध्याकाळी त्यांनी साहेबांना पत्र लिहिलं, की माझा बारा वर्षांचा समज चुकीचा होता, टिकली वांगं खाते. चित्रही काढलं, जाळी केलेल्या पानावर कोऱ्या पाठीची टिकली. मी ते पत्र टपालात टाकून आलो.

वांग्याचं नाव निघाल्यावर साहेब स्वतः जीप घेऊन आले. त्या साली विहिरीच्या पाण्यावर कुठं कुठं चार वाफे तगून होते, त्यावर नवी कीड म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्यांनी दोन बरण्या मागवल्या, दोन्हींत टिकल्या सोडल्या, एकीत चांदवेलीची पानं घातली आणि एकीत वांग्याची. बरण्या रात्रभर हेडसरांच्या ऑफिसात कुलपात. सकाळी सगळा स्टाफ जमला. चांदवेलीच्या पानांची चाळण झाली होती, गोल गोल भोकं. वांग्याचं पान जसंच्या तसं. खरं तर मास्तर बारा वर्षं म्हणत होते तेच त्या बरण्यांनी सांगितलं होतं. पण ते तसं बघायला कुणी तयार नव्हतं. साहेबांनी मास्तरांचं चित्र टेबलावर टाकलं आणि म्हणाले की ही जाळी ठिपक्यांच्या भुंग्याची आहे, वांगी लावणारा कुठलाही माळी सांगेल. हे पान खाताना टिकलीला पाहिलं कुणी?

मी मास्तरांच्या शेजारी उभा होतो. आंघोळ करून, तोच टेरिलीनचा शर्ट घालून. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

‘मीच पाहिलं साहेब,’ मास्तर म्हणाले. ‘नजरचूक झाली.’

साहेबांनी सात वह्या न उघडता त्यांच्या पुढ्यात सरकवल्या. ज्याला भुंगा आणि टिकली ओळखता येत नाही, त्याचं बाकीचं तरी खरं कशावरून धरायचं, असं म्हणाले. त्यांचंही काय चुकलं? वह्या पुढ्यात आल्या तेव्हा मास्तर हसले. चूक पकडलेला पोरगा हसतो तसं. स्टाफमधलं कुणीतरी ‘पानपालटे’ असं पुटपुटलं आणि दोघं-तिघं खोकले. एक वाक्य बोलायला मला किती वेळ लागला असता? तोंड उघडलं नाही. शिक्षक म्हणून माझं काय होईल, सावेडीपर्यंत गोष्ट गेली तर लग्नाचं काय होईल, एवढंच डोक्यात.

पुढं मी जूनमध्ये नगरला बदलून गेलो. मास्तरांबद्दल नंतर कानावर आलं ते एवढंच, की ते पोरांना अभ्यासक्रमाप्रमाणं किटली, माठ आणि पुरं पान काढायला लावतात. निवृत्त होऊन बहिणीकडं गेले आणि तिथंच वारले. मी दोनदा पत्र लिहायला बसलो होतो. दोन्ही वेळा ‘सप्रेम नमस्कार’च्या पुढं गेलो नाही. आता माझंही वय झालं, तरी मंडईत वांगी घेताना एखादं जाळीदार पान दिसलं की मी दुसऱ्या गाळ्यावर जातो.

पण मला जे झोंबतं ते त्या सकाळचं नव्हे, त्याच संध्याकाळचं. जीप गेल्यावर मास्तर दारामागं कुंड्यांतली माती उकरून बाहेर टाकत होते. मी गेलो, कारण मला वाटत होतं की आता ते विचारणार. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. ते माती टाकत राहिले. मग मीच म्हणालो की तुम्ही माझं नाव सांगायला हवं होतं.

मास्तर उठले. मातीचे हात धोतराला पुसले. ‘नाही सर,’ ते म्हणाले. ‘नजर कुणाचीही चुकते. पण या दुष्काळात दुसऱ्याच्या झाडांना बारा दिवस कोण पाणी घालतं? आपण तहानेनं असताना? तुमचे ते उपकार मी विसरणार नाही.’

यात टोमणा होता का, हे मी किती वेळा आठवून पाहिलंय. नव्हता. डोळे भरले होते त्यांचे. आणि मी काय म्हणालो?

मी म्हणालो, ‘असू द्या हो मास्तर. त्यात काय एवढं.’